लिटरला पाव ग्रॅम

रविवार, २ मार्च

सकाळी प्रांजल बंगळुरूला गेली. नोकरी चांगली आहे, पगार माझ्या शेवटच्या पगारापेक्षा जास्त आहे, तक्रारीला जागा नाही. खाली टॅक्सी उभी असताना तिनं मला बाजूला घेतलं. "बाबा, माझं ऑर्किड तुमच्यावर सोपवते हं. दोन-तीन दिवसांनी पाणी, आठवड्याला एकदा खत. दुसऱ्या कोणाला जमायचं नाही ते." मग चार्जर विसरला म्हणून परत वर गेली, ती दहा मिनिटं खाली आली नाही. टॅक्सीवाला माझ्याकडे बघत बसला.

आता घरात मी आणि मालन. आणि आमचा अबोला. त्याला परवा नऊ महिने झाले. इतके दिवस मधे मुलगी होती. "बाबांना सांग, पान वाढलंय." "आईला सांग, मला भूक नाही." आता कोण कोणाला सांगणार?

अबोला मी धरलेला नाही, हे इथे लिहून ठेवतो. माझ्या निवृत्तीच्या सत्काराच्या दिवशी देवगडहून मालनच्या भावाचा, गुणाजीदादांचा, फोन आला की आई अत्यवस्थ आहे. मी मालनला दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला सांगितलं. सहा वाजता म्हातारी गेली, आमची बॅगसुद्धा भरून झाली नव्हती. पण रात्री सांगून काय होणार होतं? गाडी नव्हती, तिची झोप तेवढी उडाली असती. फोन कधी आला, तिनं विचारलं. मी म्हटलं, रात्री उशिरा. दादांनी तिला सांगितलं, संध्याकाळी सहाला. तेव्हापासून बाईसाहेब गप्प. चांगल्या हेतूनं वागल्याची ही शिक्षा.

शुक्रवार, ७ मार्च

चार दिवस खताचा अभ्यास करतोय. औषध कंपनीत छत्तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला काढली, पण इतका गोंधळ कुठल्या कच्च्या मालात पाहिला नाही. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं आणि पस्तावलो. एक म्हणतो केळ्याच्या सालींचं पाणी, दुसरी म्हणते तांदळाचं धुवण, तिसरी म्हणते अंड्याची टरफलं. वॉचमन म्हणाला शेणखत. अरे, हे झाड मातीत नाहीच. कोळशाच्या आणि नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांत बसलंय, अर्धी मुळं बाहेर हवेत. शेणखत घालून मुळं गाडायची आहेत का?

शेवटी गोरेगावला नितेशच्या नर्सरीत गेलो. प्रांजलनं झाड तिथूनच आणलं होतं. त्याच्याकडे पाण्यात विरघळणारी चार खतं होती. मी प्रत्येक पुडीची मागची बाजू वाचली. नायट्रोजन कुठल्या रूपात आहे ते बघावं लागतं. युरियातला नायट्रोजन मातीतल्या जंतूंनी पचवून दिल्याशिवाय झाडाच्या फारसा कामाचा नाही, आणि कोळशात जंतू कुठून यायचे? नितेश म्हणाला, "काका, एवढं कोणी वाचत नाही." म्हणूनच सगळ्यांची वाट लागते. एकोणीस-एकोणीस-एकोणीस घेतलं, शंभर ग्रॅम. तिन्ही अन्नद्रव्यं सारखी. फुलांचं खत वेगळं असतं, ते झाड दमदार झाल्यावर बघू.

पुडीवर लिटरला एक ग्रॅम लिहिलंय. ऑर्किडला त्याच्या पाव हिस्सा पुरे. कमी पडलं तर झाड थांबून राहतं, जास्त झालं तर मुळं जळतात. लिटरला पाव ग्रॅम.

रविवार, ९ मार्च

पहिला डोस. सोनारासारखा छोटा वजनकाटा माझ्याकडे आहे, त्यावर ०.२५ ग्रॅम. फिल्टरचं पाणी एक लिटर. आधी साधं पाणी घालून मुळं भिजवली, अर्ध्या तासानं खताचं. पुडी हॉलच्या खिडकीखाली डब्यात ठेवली, मालनच्या मसाल्यांपासून लांब.

ती समोर भाजी निवडत होती. "चार जुनी काठ्यांसारखी खोडं, दोन नवे कोंब," असं मी मोठ्यानं म्हटलं, झाडाकडे बघून. उत्तर अपेक्षित नव्हतं आणि आलंही नाही.

बुधवार, १९ मार्च

दुपारी बंगळुरूहून फोन. "बाबा, गॅस संपलाय."

"तुझा?"

"तुमचा. आई म्हणते दुसरा सिलिंडर लावा."

आई माझ्यापासून बारा फुटांवर स्वयंपाकघरात उभी. मी म्हटलं, सांग तिला, लावतो. "मी मीटिंगमधून बाहेर आलेय, बाबा. तुम्हीच सांगा ना." मी सिलिंडर लावला. सांगायची गरज काय, शेगडी पेटली की कळतंच.

मुलगी वैतागलीय. मीही वैतागलोय. पण सुरुवात मालननं केली, शेवटही मालननंच करावा. एवढं साधं आहे.

रविवार, ३० मार्च, पाडवा

गुढी उभारताना तरी बोलावं लागेल असं वाटलं होतं. काठी मी धरली, साडी आणि माळ तिनं बांधली. काठी वाकडी होती, मी काठीलाच म्हटलं, जरा डावीकडे हो. ती तशीच सरळ केली आणि आत निघून गेली. सगळं विनातक्रार पार पडलं.

झाडाची मात्र तक्रार आहे. पानांची टोकं काळी पडायला लागलीत. मी काहीही चुकवलेलं नाही. चौथा डोस, ०.२५ ग्रॅम, घड्याळ लावून. फिल्टरच्या पाण्यातले क्षार मोजले, तेही ठीक. मग बिघडलंय काय?

रविवार, ६ एप्रिल

आज पुडीचं वजन केलं. चार डोस, म्हणजे एक ग्रॅम गेला. नव्व्याण्णव उरायला हवेत. एक्याऐंशी भरले. तीन वेळा मोजलं. अठरा ग्रॅमचा घोटाळा. नितेशनं वजनातच मारलं, आणि जो असा वजनात मारतो तो आत काय भरत असेल, हा पुढचा प्रश्न. आजचा डोस दिला नाही. कुंडी मांडीवर घेऊन रिक्षानं गोरेगाव गाठलं.

नितेशनं कुंडी उलटसुलट फिरवली. "काका, कोळशावर हे पांढरं बघा. खताचं मीठ जमलंय. मुळांची टोकं तपकिरी. ओव्हरडोस आहे हा."

"शक्यच नाही. पाव ग्रॅम."

"घरात अजून कोणी घालतं का खत?"

"कोणी नाही. मी आणि बायको, दोघंच."

"मग काकूंना विचारा ना."

"ते जमायचं नाही."

"गावाला गेल्यात?"

"घरीच आहे."

त्यानं कुंडी माझ्या हातात दिली. मग म्हणाला, नळाखाली धरून चांगली धुऊन काढा, महिनाभर खत नको. माझी पुडी बदलून द्यायला तयार नाही. त्याच्यावर ओरडलो. परत येताना रिक्षात दमल्यासारखं झालं.

गुरुवार, १० एप्रिल

साडेपाचला फिरायला निघालो आणि चष्मा राहिला म्हणून गेटवरून परत आलो. लॅच उघडून आत पाऊल टाकलं, तर मालन खिडकीशी. हातात तांब्या. माझ्या डब्यातली पुडी काढून तिनं त्यातला एक चमचा, सपाट नाही, शिगोशीग, तांब्यात टाकला आणि बोटानं ढवळलं. साडेचार ग्रॅम तरी असेल. माझ्या अठरापट. दर आठवड्याला एक, चार आठवडे. अठरा ग्रॅमचा हिशेब लागला. नितेशला उगाच बोललो.

तिनं हळूहळू पाणी सोडलं आणि झाडाशी माहेरच्या बोलीत बोलली. मुलीला त्या बोलीत चेडू म्हणतात. "काय झालां रे तुका? वायच खा. उपाशी रवलस तर चेडवाक काय सांगू मी?"

तिचा आवाज. प्रांजल असताना माझ्याकडे पाठ करून निरोप द्यायची तो नाही, खरा आवाज. लग्नानंतर पहिल्यांदा देवगडला गेलो होतो तेव्हा ती तिच्या आईशी असं बोलायची. लिहायला लाज वाटते, पण मला त्या झाडाचा हेवा वाटला.

"अगं, चमचा नको" एवढंच म्हणायचं होतं. पण मग आधी मी बोललो असं झालं असतं. चष्मा न घेताच खाली गेलो आणि बाकावर बसून राहिलो.

शुक्रवार, ११ एप्रिल

प्रांजलला फोन लावला. खताचं तू आईलाही सांगितलं होतंस का?

"हो."

"कशाला? मला सांगितलं होतंस ना?"

"मुद्दाम सांगितलं. त्या दिवशी चार्जरचं नाव करून वर गेले ती त्यासाठीच. तुम्हाला म्हटलं तेच तिलाही म्हटलं, दुसऱ्या कोणाला जमायचं नाही. वाटलं, कधीतरी दोघं एकदम झाडापाशी याल. चमचा किती घालायचा एवढं तरी कोणी कोणाला विचाराल." मग ती रडायला लागली. "बाबा, मेलं तरी चालेल, पण तोंड उघडायचं नाही. असं कसं जमतं तुम्हाला?"

मी म्हटलं, झाड अजून मेलेलं नाही.

"झाडाचं कोण बोलतंय," म्हणाली आणि फोन ठेवला. मग कशाचं बोलत होती कोण जाणे. आईवडिलांना असं खेळवणं बरं नव्हे. मी खत आणि पाणी दोन्ही बंद करतोय. मालनला हौस आहे, तिनंच बघावं. चमच्याचं तेवढं आईला कळव, असा प्रांजलला मेसेज टाकला.

सोमवार, २१ एप्रिल

काय बोलावं. दहा दिवस मी पाणी घातलं नाही कारण मालन घालतेय. दहा दिवस मालननं घातलं नाही कारण, प्रांजलकडून कळलं त्याप्रमाणे, "त्यांना एवढं कळतं तर त्यांनीच घालावं." एप्रिलचं ऊन. कोळसा ठणठणीत कोरडा, खोडांना सुरकुत्या, एक कोंब वाळून गेला. आधी दोघांनी मिळून जाळलं, मग दोघांनी मिळून तहानेनं मारायला घेतलं. कंपनीत हे घडलं असतं तर अख्ख्या खात्याला मेमो गेला असता.

कुंडी तासभर बादलीत बुडवून ठेवली. मग कंपनीत करायचो तेच केलं. कागदावर तक्ता आखला आणि खिडकीशेजारी चिकटवला. तारीख, पाणी, खत, केले, तपासले, शेरा. एकानं करायचं, दुसऱ्यानं तपासून सही करायची. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असं आम्ही म्हणायचो. पेन दोऱ्यानं बांधून ठेवलं. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, त्यामुळे कोणाचीच अडचण नाही.

रविवार, २७ एप्रिल

तक्ता चालला. बुधवारी "केले" खाली माझी सही, "तपासले" खाली "मा." शनिवारी उलट. शेऱ्यात तिनं लिहिलं, "चमचा नको तर काटा कुठे ठेवलात?" मी लिहिलं, "टीव्हीखालचा खण." दुसऱ्या दिवशी, "मुलगी म्हणाली थोडंसं घाल. थोडंसं म्हणजे चमचाच ना." त्याला मी काय लिहिणार? "ठीक" लिहिलं.

शेऱ्याचा रकाना बोलण्यात धरायचा का, यावर विचार केला. धरायचा नाही. पण सकाळी उठलो की आधी खिडकीकडे जातो, हे खरं आहे.

मंगळवार, ६ मे

नितेशनं सांगितल्याप्रमाणे महिना भरला म्हणून आज खत, पाव ग्रॅम. वजन मालननं केलं, मी तपासलं. काट्याच्या बाबतीत तिचा हात माझ्याहून स्थिर आहे. राहिलेला कोंब तग धरून आहे.

संध्याकाळी प्रांजलचा फोन. बावीस तारखेला देवगडला आजीचं वर्षश्राद्ध आहे. आईचं एकोणीसचं तिकीट काढलंय.

"आणि माझं?"

"आईनं एकच सांगितलं, बाबा."

"परतीचं?"

"ते नको म्हणाली. सध्या नको म्हणाली." मग म्हणाली, "बाबा, कळतंय ना तुम्हाला मी काय सांगतेय?"

कळायचं काय त्यात. मे महिन्यात कोकणातून परतीचं तिकीट मिळतं कोणाला? आठ-दहा दिवसांनी एसटीनं येईल. मला बोलावलं नाही, याचा राग आलाय. जावई आहे मी त्या घरचा. पण बोलावलं नाही तर नाही, मी काही मागे लागणार नाही.

बुधवार, १४ मे

सकाळी खिडकीशी गेलो आणि डोकं फिरलं. नवा कागद. मालननं पट्टीनं ओळी आखून लावलाय, आणि एकोणीस मेपासून पुढच्या सगळ्या तारखा भरून ठेवल्यात. प्रत्येक ओळीत "केले" खाली माझं आद्याक्षर "चं." आणि "तपासले" खालीही "चं." तिच्या अक्षरात.

कामाच्या आधी नोंद. यासाठी मी कंपनीत दोन माणसं घरी बसवली होती. जे घडलं नाही ते लिहिणं म्हणजे खोटी नोंद, आणि तिला माफी नाही, हे मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवायचो. वर करणारा आणि तपासणारा एकच. हा दुसरा गुन्हा. लाल पेन घेऊन खोडायला बसलो. मे खोडला. जून खोडला. जुलै, ऑगस्ट. तारखा दिवाळीपर्यंत होत्या. ऑक्टोबरच्या ओळीत शेरा, "आता फुलांचं खत सुरू करा."

तिथे हात थांबला. आठ दिवसांसाठी जाणारी बाई दिवाळीपर्यंतचा तक्ता आखत नाही.

ती बाजारात गेली होती. कपाट उघडलं. तिचा खालचा कप्पा रिकामा. पासबुक नाही, आईचा फोटो नाही, चष्म्याचं दुसरं घर नाही. प्रांजल काय सांगत होती ते आता कळलं. सगळ्यांना दिसत होतं, मीच तेवढा तिकिटाचं गणित करत बसलो होतो.

पलंगावर बसून राहिलो. खोटी नोंद, असं वर लिहिलंय. "रात्री उशिरा" हीसुद्धा खोटी नोंदच होती. ती मी केली होती, आणि साडेअकरा महिने त्यावर माझी सही तशीच आहे.

शनिवार, १७ मे

तीन दिवस हिंमत झाली नाही. आज संध्याकाळी बोललो. ती चपात्या लाटत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"फोन सहा वाजून दहा मिनिटांनी आला होता," मी म्हटलं. आवाज घोगरा निघाला.

लाटणं थांबलं नाही.

"दादा म्हणाले, आवशीचां काय खरां नाय, मालनीक घेवन येवा. मी स्टेजच्या मागे होतो. तू पहिल्या रांगेत बसली होतीस, नव्या साडीत. तेव्हाच गाडी केली असती तर पहाटे साडेचारपर्यंत पोचलो असतो. हे मी तेव्हाच मोजलं होतं, मालन. दीड तास तुला मिळाला असता. पण म्हटलं, छत्तीस वर्षांत माझा एक दिवस आहे, तेवढा होऊ दे."

लाटणं थांबलं.

"पनीर दोनदा घेतलंत," ती म्हणाली. साडेअकरा महिन्यांत ती माझ्याशी बोललेली पहिली गोष्ट. "मी म्हटलं, पित्त होईल. तर हसलात, आणि पुन्हा घेतलंत. तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला."

"हो."

"आणि मी तुमच्या साहेबांच्या बायकोला साडीची किंमत सांगत होते."

"मी चुकलो," म्हटलं. "आणि वर खोटं बोललो. ते जास्त वाईट."

तिनं चपाती तव्यावर टाकली आणि उलटलीच नाही. धूर झाला तशी गॅस बंद करून आतल्या खोलीत गेली. मी ती करपलेली चपाती काढली आणि उभ्या उभ्या खाल्ली. हलकं वगैरे काही वाटलं नाही. परवा ती जाईलच, एवढंच वाटलं.

रविवार, १८ मे

सकाळी झाडाला पाणी घालत होतो. मालन मागे येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघत नव्हती, कुंडीकडे बघत होती.

"मला सांगितलंत ते ठीक," ती म्हणाली. "पण दादाला वाटतं तुम्ही मला तेव्हाच सांगितलं आणि मीच निघाले नाही. वाडीत सगळे तेच बोलतात. आई मरत होती आणि मुंबईची लेक सत्कारात मिरवत होती म्हणून. वर्षभर ऐकतेय मी. नवऱ्यानं लपवलं असं सांगायचं तरी कसं, म्हणून गप्प राहिले." मग माझ्याकडे बघितलं. "बावीसला सगळे जमतील. तिथे सांगाल हे? सगळ्यांसमोर?"

हे मला माहीतच नव्हतं. वर्षभर ती माझ्यावर रुसलीय एवढंच धरून मी चाललो होतो, आणि ती तिकडे माझा आळ स्वतःच्या अंगावर घेऊन बसली होती. दादा, वहिनी, सगळी वाडी, पानावर बसलेली माणसं डोळ्यांसमोर आली. मी त्या घरचा जावई.

"सांगतो," म्हटलं. "रेल्वेचं आता मिळायचं नाही. तू पुढे हो, मी उद्या रात्री डेपोतून एसटी पकडतो."

मी पाण्याचा मग खाली ठेवला आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पण इतके दिवस झाडाला पाणी कोण घालणार? आत्ता कुठे कोंब धरतोय. शेजाऱ्यांना एक तक्ता आखून दिला तर—"

"मरू दे ते झाड," मालन म्हणाली. "बॅग भरा."